तुझे मृत्युपत्र

चि. ताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर मृत्युपत्राचा विषय निघाला तेव्हा "आई, अभद्र बोलू नकोस" म्हणून तू तो तिथेच मोडलास, म्हणून हे पत्र. माझे मृत्युपत्र दिवाळीनंतरच करून झाले. मी बोलत होते ते तुझ्या मृत्युपत्राविषयी. तू छत्तीस वर्षांची आहेस, स्वतःच्या पगारावर कर्ज काढून घर घेतले आहेस, आणि मृत्युपत्र करायला कायद्याला म्हातारपण लागत नाही; माणूस सज्ञान असावा आणि त्याची बुद्धी शाबूत असावी, एवढेच पुरते.

बाबा गेल्यावर काय काय झाले, ते तुला पुरते ठाऊक नाही. सोसायटीत आणि बँकेत नॉमिनी म्हणून माझे नाव होते, त्यामुळे सारे आपोआप माझ्या नावावर होईल अशी माझी समजूत होती. पण नॉमिनीने पैसे स्वीकारायचे ते वारसांच्या वतीने, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या एका प्रकरणात १९८४ मध्येच सांगितले होते, आणि शेअर्सच्या बाबतीत २०२३ मध्येही तेच सांगितले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची पत्नी, मुले आणि आई यांना सारखा वाटा मिळतो; म्हणून फ्लॅटचा चौथा हिस्सा आजींचा झाला. सात महिन्यांनी आजी गेल्या, आणि त्यांचा हिस्सा काका, आत्या आणि तुम्हा दोघा भावंडांकडे गेला. काका-आत्यांनी हक्कसोडपत्र द्यायला क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत. तरी दुखऱ्या गुडघ्यांनी आत्याला निबंधकांच्या कार्यालयात बाकावर चार तास बसावे लागले. यंत्रावर अंगठा उमटेना, तेव्हा ती पदराने तो पुसून पुन्हा पुन्हा टेकवत राहिली. बाबांनी दोन पाने लिहून ठेवली असती तर तिला तिथे यावेच लागले नसते.

तुझ्या बाबतीत कायदा आणखी निराळा आहे, आणि माझी खरी काळजी तीच आहे. विवाहित स्त्रीने मृत्युपत्र केले नसेल, तर तिची स्वकष्टाची मिळकत आधी मुलांना व पतीला मिळते. ती नसतील तर पतीच्या वारसांना, आणि त्यानंतर कुठे तिच्या आईवडिलांना. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरच्यांनी घराबाहेर काढलेली एक स्त्री माहेरी राहून शिकली आणि नोकरी करून तिने पुंजी जमवली. तिच्यामागे तिच्या आईचा दावा २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला आणि मिळकत नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे गेली. उलट, बाबांकडून तुला वारसाने मिळालेली गावची जमीन, तुला मूल नसल्यास, बाबांच्या वारसांकडे परत येईल. जावईबापूंना तिच्यातले काही मिळणार नाही. जावईबापूंबद्दल माझ्या मनात कसलाही किंतु नाही, उलट त्यांच्यासाठीही मी हे लिहिते आहे. ज्या आत्याला तू दरमहा औषधांचे पैसे पाठवतेस, तिचा विचार तर कायदा जवळजवळ शेवटी करील.

म्हणून कुणाचा तयार मसुदा उतरवून घेऊ नकोस. घराचे कर्ज कशातून फिटावे, तुझ्या सासूबाईंना त्या घरात हयातभर राहता यावे का, आत्याची औषधे कोण पाहील, हे तुझ्याच घरचे प्रश्न आहेत. ते आधी जावईबापूंशी बोल आणि मग वकिलाकडे जा. कागद साधा चालतो, मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीची सक्ती नाही, तरी ती करून घ्यावी असे माझे मत आहे. दोन साक्षीदारांनी तुला सही करताना पाहून स्वतः सह्या करायच्या. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नये. अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक नेम. पुढे मूल झाले किंवा मन बदलले, तर नवे मृत्युपत्र करता येते. शेवटचे तेच खरे. बरे होण्याची आशा उरली नाही आणि स्वतः बोलता येईना, तर उपचार थांबवावेत का, याविषयीची इच्छाही आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने तिला २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची रीत सोपी केली.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा खाती, पॉलिसी आणि कर्जाचे कागद घेऊन ये. माझ्या मृत्युपत्राची प्रत कपाटाच्या खालच्या खणात तपकिरी लिफाफ्यात आहे, ती मी तुला वाचायला देईन. शेजारचे काका-काकू तुझ्या साक्षीला यायला तयार आहेत.

तुझी,
आई