हे माझ्याकडूनच कळावं म्हणून

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर बोलायला घेतलं की आई कुकर बघायला उठते आणि बाबा "बरं ठेवू?" म्हणतात, म्हणून नीट टाइप करून पाठवतेय. दोघांनी शेजारी बसून वाचा आणि पूर्ण वाचून झाल्याशिवाय काकूला फोन करायचा नाही.

मी बेली डान्स शिकतेय. हिवाळ्याच्या आधीपासूनच जातेय, आणि जूनमध्ये इथे गावातल्या कार्यक्रमात आमचा ग्रुप नाचणार आहे, त्यात मी पण आहे. नाव दिलंय, फी भरलीय. म्हणजे विचारत नाहीये, सांगतेय, पण कुणाच्या तरी स्टेटसवर फोटो बघून तुम्हाला कळावं हे मला चाललं नसतं.

आई, आत्ता तुझ्या डोळ्यासमोर जो पिक्चरमधला क्लब आला ना, तो आधी काढून टाक. इथे इंग्लंडात मार्केट हार्बरोसारख्या छोट्या गावात एक साधा हॉल आहे, लाकडी फरशीचा, हीटर चालू असतो, आणि आम्ही सगळ्या बायका, निम्म्या तर तुझ्या वयाच्या. एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती खुर्चीवर बसून फक्त खांदे आणि हात करते आणि इतकं सुंदर करते की बघत राहावं. मी लेगिंग्ज आणि लांब टी-शर्ट घालते, वरून कमरेला नाण्यांचा रुमाल बांधायचा, बास. कार्यक्रमाचा ड्रेस पण घोट्यापर्यंत झगा आहे, पूर्ण बाह्यांचा, इजिप्तमध्ये गावाकडच्या बायका घालतात तसा. तिकडे लग्नाघरी बायका-बायका जमून नाचतातच हा नाच, स्टेजवर तो गाजला कैरोमध्ये, बदिया मसाब्नी नावाच्या बाईने 1926 ला स्वतःचं थिएटर काढलं तिथे. तू नऊवारी नेसून रात्र-रात्र पिंगा घालायचीस मंगळागौरीला, तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे असायचं ना आई, तेच इथे ह्या बायकांच्या चेहऱ्यावर दिसतं मला.

आणि ह्यात नुसती कंबर हलवायची असं वाटतं पण काम सगळं गुडघ्यांचं असतं. एक पाय सपाट, दुसरा चवड्यावर, तो गुडघा सरळ केला की कंबर वर जाते, सोडला की खाली पडते, आणि छाती-खांदे जागचे हलता कामा नयेत. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून माझी पाठ धरायची, ती आता खूपच कमी दुखते, डिसेंबरात चार वाजता अंधार पडायचा तेव्हा तर आठवडाभर मी त्या एका संध्याकाळीच माणसांत असायचे. पण खरं सांगू का, पाठीसाठी नाही जात मी. मला आवडतं म्हणून जाते.

बाबा, तुमच्यासाठी हे. दुम-तक, तक-दुम, तक. ह्या नाचाचा हा ताल आठ मात्रांत बसतो, त्याला मकसूम म्हणतात, तुमच्या केरव्याच्या अगदी जवळचा. डायनिंग टेबलवर वाजवून बघा. मी पहिल्यांदा ऐकला आणि तुम्ही रविवारी सकाळी तबला जुळवत बसायचात आणि मी तुमच्या मांडीला टेकून झोपून जायचे, ते सगळं आठवलं.

दहावीच्या वर्षी माझा नाच बंद झाला त्याबद्दल मनात काही नाही हं माझ्या, तेव्हा घरात काय चाललं होतं मला सगळं माहितीये, तुम्ही दोघांनी जे केलं ते माझ्यासाठीच केलं. आई, त्यावरून रडत बसू नकोस. आणि घुंगरू शोधायला माळ्यावर तर अजिबात चढायचं नाही, ह्या नाचात लागत नाहीत.

स्थळांचं म्हणशील तर ज्याला हे सांगून चालणार नाही त्याच्याशी मला लग्नच करायचं नाहीये. मावशीला असंच सांग, माझं नाव घेऊन सांग.

गंमत म्हणजे ह्याच गावात सिमिंग्टनची कॉर्सेटची फॅक्टरी होती, बायकांच्या कमरा आवळायचे ते, अख्ख्या जगात माल जायचा. आता त्या बिल्डिंगमध्ये लायब्ररी आणि म्युझियम आहे, आलात की दाखवते. 1614 ची लाकडी खांबांवर उभी शाळा पण दाखवते, तिच्या खाली पावसात बाजार भरायचा.

जेवणाची काळजी नको, लेस्टर ट्रेनने जवळ आहे, मेथी, कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा सगळं मिळतं. क्लासहून येताना एक जण गाडीने दारापर्यंत सोडते.

आता तुमचं. बाबांनी बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही, रीडिंग रोज सकाळी मला व्हॉट्सअ‍ॅप करायचं. आईने फिजिओकडे जायचंच, लिफ्ट बंद असेल तर त्यांना घरी बोलवा, पैसे मी पाठवलेत, ते एफडीत टाकू नका. बाथरूममधलं रबरी मॅट गुंडाळून ठेवलंय ते आजच अंथरा. आणि रविवारी व्हिडिओ कॉल करते तेव्हा रागावला असलात तरी दोघांनी समोर बसायचं.

तुमची,
मनू