झेंडूला मी कुणाला देणार नाही

प्रिय बाळ्या,

दिवाळीत गच्चीवर बसलो होतो तेव्हा तू आपल्या झेंडू पोपटाबद्दल म्हणालास ना, "एवढा फाडून खायलाय तर देऊन टाक की कुणाला, नाहीतर सोड रानात, जाईल उडून." मी तेव्हा काही बोललो नाही. आईच्या अंगठ्याला पट्टी होती, पोरगी पुढच्या खोलीत पाय ठेवीना, आणि खरं सांगतो, माझ्याही मनात तेच यायलं होतं. आता संक्रांत पण झाली. मधल्या तीन महिन्यांत काय काय झालं ते फोनवर धड सांगता येत नाही म्हणून लिहायलोय, लांबेल, निवांत वाच.

आधी ते रानात सोडायचं. अरे झेंडू सन कॉन्युर आहे, ही जात दक्षिण अमेरिकेतली, गयाना आणि उत्तर ब्राझीलकडची, आपल्या राव्यांसारखं ज्वारीवर उतरून पोट भरायचं त्याला कुणी शिकवलेलंच नाही, पिंजऱ्यात जन्मला आणि सिरिंजने भरवून वाढला. घारी-कावळ्यांत दोन दिवस निघायचा नाही तो. आणि तिकडं त्याच्या मूळ जंगलात पण आता थोडेच उरलेत म्हणे, धरून धरून विकले म्हणून. आपला देशी राघू तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळं पाळताच येत नाही, आजीच्या ओसरीत टांगलेला असायचा तसला. झेंडू विदेशी म्हणून चालतं, पण त्याची सुद्धा सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, ती मी केलीय. म्हणजे कागदावर पण तो माझाच आहे.

तुला आठवतं का, आणला तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात झोपायचा. दीड वर्ष एकदा चावला नाही. मग गेल्या पावसाळ्यात एकाएकी सुरू झालं. पहिल्यांदा मलाच, अंगठा आणि बोटाच्या मधल्या मऊ चामडीला, आणि नुसतं चावून सोडलं नाही, धरून पिळलं. वरच्या चोचीची खूण अर्ध्या चंद्रासारखी, खोल, आणि खाली दोन बारके ओरखडे. मी ओरडलो, हात झटकला, तो भिंतीवर आपटला. नंतर ज्या दुकानातून आणला त्याला फोन केला तर तो म्हणाला चोचीवर टिचकी मारा, पाखरू आहे, वचक पाहिजे. मी मारली बाळ्या. एकदा नाही, आठ-दहा दिवस, चावला की टिचकी. मग चामड्याचे हातमोजे घातले आणि ते घालून त्याला बळंच पिंजऱ्यात कोंबायलो. त्याचं वजन जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम, त्याच्यासमोर माझा हात म्हणजे केवढा असेल. हे लिहिताना अजून आतून कसंतरी होतंय. त्यानंतर तो माझा हात दिसला तरी मागं सरकायचा आणि सरकायला जागा उरली नाही की चावायचा. मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की पोपट खुनशी निघाला.

दिवाळीनंतर व्हेटला दाखवलं, आपल्या परभणीत व्हेटर्नरी कॉलेज असल्यानं तेवढं तरी सोपं आहे. आधी दुखणं नाही ना ते बघितलं, कारण आत कुठं दुखत असलं तरी पाखरू असंच चावतं, आणि पिसं झडून नवी यायली असली तर त्या कोवळ्या खुंटांना हात लागला तरी कळ येते. तसलं काही नव्हतं. मग डॉक्टरांनी घरचं विचारायला सुरुवात केली, झोपतो कधी, बसतो कुठं, हात कुठं लावता, आणि एकेक उत्तर देता देता माझंच तोंड उतरत गेलं.

झोप म्हणशील तर पिंजरा टीव्हीच्या खोलीत. बाबांच्या बातम्या साडेअकरा-बारापर्यंत, सकाळी पाचला आईचा लाईट. पाच-सहा तास फक्त. ह्या पाखराला दहा-बारा तास अंधार लागतो, आणि दिवस सारखा लांबच वाटला की त्याच्या अंगात घरटं करायचा मोसम चढतो. त्यात आता दोन वर्षांचा, म्हणजे आपल्याकडं पोरांना मिसरूड फुटतं ते वय. त्यात मी रोज लाडानं पाठीवरून, पंखाखालून हात फिरवायचो. पाठीवरून हात फिरवणं म्हणजे त्याच्या लेखी जोडीदाराचं वागणं, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि दिवाणाखाली एक खोकं होतं बघ, जुन्या रद्दीचं. तो तिथं शिरून कागदाच्या पट्ट्या पट्ट्या करत बसायचा आणि आम्ही सगळे कौतुकानं व्हिडिओ काढायलो. ते त्याचं घरटं होतं रे. आईनं झाडू घातला तिथं, म्हणून तिचा अंगठा फुटला.

खोकं त्याच दिवशी काढलं. पिंजरा मागच्या खोलीत नेला, संध्याकाळी सातला आईच्या जुन्या सुती लुगड्यानं झाकतो, सकाळी साडेसहाला उघडतो. बाबांनी त्यांच्या टीव्हीचा आवाज स्वतःहून कमी केला, मी बोललो सुद्धा नव्हतो. हात आता फक्त डोक्याला आणि गालाला, तो पण त्यानं मान खाली घातली तरच.

आणि मग शिकवणी, त्याची पण आणि माझी पण. करडई त्याचा जीव की प्राण, ती वाटीतून बंद केली, फक्त शिकवायच्या वेळी द्यायची. बांबूची एक काडी गजातून आत धरायची, त्यानं टोकाला चोच लावली की "शाब्बास" आणि एक दाणा. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं, जास्त नाही. पहिले चार दिवस तो काडीकडं बघून मागच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा, पाचव्या दिवशी हळूच चोच लावली आणि लगेच मागं. मी बायकोला हाक मारली तर माझा आवाज फुटेना. मग पिंजऱ्याबाहेर, मग टेबलावर माझा हात नुसता पालथा ठेवायचा, हलवायचा नाही, आणि काडी हाताच्या पलीकडं. हातावर पाय द्यायला एकवीस दिवस लागले. पाय द्यायच्या आधी तो चोच टेकवून बघतो, फांदी पक्की आहे का बघतात तसं. आधी मी तेवढ्यालाच चावा समजून हात मागं घ्यायचो आणि तो पडायचा.

चावायच्या आधी तो सांगतो बाळ्या. मान लांब करून अंग आडवं करतो, मानेची पिसं उभी, शेपूट पंख्यासारखी पसरते, आणि डोळ्यातली बाहुली बारीक-मोठी व्हायला लागते. डोळा गडद आहे त्याचा, जवळून बघितलं तरच दिसतं. एवढं सगळं दिसल्यावर हात पुढं करायचाच नाही. तरी चावलाच तर ओरडायचं नाही, झटकायचं नाही, गप खाली ठेवायचं, अर्धा मिनिट तोंड फिरवायचं आणि जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायची. तू म्हणशील लेका एवढं सोसायचं कामून. पण मागच्या महिन्यात दोनदाच चावला, आणि दोन्ही वेळा चूक आमचीच, एकदा पाहुण्यांच्या गर्दीत मी त्याला बळंच हातावर घेतलं होतं.

पोरगी अजून हातावर घेत नाही, मी पण आग्रह करत नाही. पण परवा तिनं शेतातून आणलेलं ज्वारीचं कणीस लांबून गजाला लावलं, तर त्यानं एका पायात धरून असा निवांत हिरवा दाणा सोलला, आणि ती जागची हलली नाही. आपले आबा ह्याच कणसांसाठी मचाणावर उभं राहून राव्यांवर गोफण फिरवायचे, आणि बाबा शेजारी उभं राहून म्हणायले, "खाऊ दे, खाऊ दे त्याला."

हुरड्याला ये, पुढच्या पंधरवड्यात शेत जोरात असेल. आलास की सरळ त्याच्या खोलीत घुसू नकोस, आधी दारात उभं राहून बोल, तो आवाज ओळखतो का बघू. पाठीला हात लावायचा नाही, आणि ती लाल खड्याची अंगठी काढून ये, तिच्यावर त्याची नजर होती मागच्या वेळी. आणि पुण्यातून येताना एक किचनचा काटा घेऊन ये, एकेक ग्रॅम दाखवणारा, त्याचं वजन रोज सकाळी लिहून ठेवायचंय, इथं मिळाला तो पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्यानंच दाखवतो.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पप्या