राज्यसेवेच्या मुलांना उत्तर लिहायला कोण शिकवणार?

मा. संपादक,

2025 च्या एमपीएससी राज्यसेवेपासून मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, डिस्क्रिप्टिव्ह झाली, म्हणजे उत्तरं स्वतः लिहायची. आधी 2023 पासूनच होणार होती पण पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली आणि ते पुढं गेलं, तो वाद आता संपला. पण इतकी वर्षं चार पर्यायांतला एक गोल काळा करायची सवय, सलग दोन पानं लिहायचा सराव कुणालाच नाही, आणि क्लासमधे मिळतात काय तर परत नोट्सच.

मी आमच्याकडच्या अभ्यासिकेत मुलांची सरावाची उत्तरं तपासते. वाचन कमी पडतंय असं अजिबात नाही, पोरांना भरपूर येतं, अडतं ते प्रश्न नीट वाचण्यात. 'महाराष्ट्रातील दुष्काळाला केवळ कमी पाऊस जबाबदार आहे का? टीकात्मक परीक्षण करा' असा प्रश्न दिला की 1972 चा दुष्काळ, रोजगार हमी, जलयुक्त शिवार, जे जे पाठ आहे ते सगळं कागदावर येतं आणि विचारलेल्याचं उत्तर कुठंच नसतं. अहो पहिल्या दोन ओळीतच सांगून टाका ना, की पर्जन्यछायेत पाऊस कमी हे खरं पण तेवढंच कारण नाही. मग बेसाल्टच्या खडकात पाणी फारसं साठत नाही, त्यात बोअरचा उपसा, त्यात ऊस, आणि 2016 ला आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते उदाहरण त्या मुद्द्याला धरूनच यायला हवं, शेवटी नुसतं जोडून उपयोग नाही. आणि टीकात्मक म्हटलंय तर दुसरी बाजूपण हवी, लागोपाठ दोन-तीन वर्षं पाऊसच नाही झाला तर चांगलं नियोजनसुद्धा कोलमडतं, हेही लिहा.

मेन्सचा हा नवा पॅटर्न यूपीएससीच्या धर्तीवर आहे. तिथे जीएसच्या (सामान्य अध्ययन) पेपरला 3 तासात 20 प्रश्न, 10 मार्काला 150 शब्द, 15 ला 250, म्हणजे साधारण 7 आणि 11 मिनिटं. त्यातलं पहिलं मिनिट प्रश्नाखाली रेघ मारून चार कच्चे मुद्दे काढायला द्या म्हटलं की मुलं म्हणतात मॅडम वेळ जातो. उलट वाचतो! मधेच पेन थांबत नाही. पहिली दोन उत्तरं सजवून शेवटचे तीन प्रश्न कोरे सोडणं सगळ्यात महागात पडतं. निबंधात तर सुविचार पेरायची फार खोड आहे, त्यापेक्षा स्वतःच्या तालुक्यातलं एक खरं उदाहरण नीट उलगडून लिहिलं तर मला ते कधीही जास्त पटतं.

तुमच्या पेपरात स्पर्धा परीक्षेचं सदर येतं, त्यात कृपा करून नोट्स कमी करा. आठवड्याला एकच प्रश्न घ्या, त्याची दोन उत्तरं शेजारी शेजारी छापा, एक चांगलं एक कच्चं, आणि मार्क कुठं गेले ते बाजूला लिहा. पुण्यात राहून टेस्ट सिरीज लावणं ज्यांना परवडत नाही ती मुलं सकाळी अभ्यासिकेत तुमचाच पेपर वाचतात. मुलांना विचारून, नाव न टाकता, अशी उत्तरं मी पाठवायला तयार आहे.

आपली,
एक वाचक, जि. लातूर