'फोटो स्टॉप, २० मिनिटं'

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेश सहलींच्या कार्यक्रमात हल्ली चायनाटाऊन, लिटल इंडिया, ब्रिक लेन ही नावं हमखास असतात. पुढे लिहिलेलं असतं, 'फोटो स्टॉप, २० मिनिटं'. बस कमानीपाशी थांबते, कंदिलांखाली फोटो निघतात, की-चेनची खरेदी होते आणि मंडळी परत बसमध्ये. वेगवेगळ्या देशांतून आलेली माणसं जिथे पिढ्यान्पिढ्या शेजारी म्हणून राहतात, ती वस्ती अशी कळत नाही. तिला निदान तीन तास द्यायला हवेत, आणि तेही पायी.

लंडनच्या ब्रिक लेनवर फोर्नियर स्ट्रीटच्या कोपऱ्याला विटांची एक इमारत आहे. फ्रान्समधल्या छळातून सुटून आलेल्या ह्युगेनॉट (फ्रेंच प्रोटेस्टंट) लोकांनी ती १७४३ च्या सुमारास प्रार्थनेसाठी बांधली. पुढे तिथे मेथडिस्ट हे प्रोटेस्टंट ख्रिस्ती आले, १८९८ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ झालं आणि १९७६ पासून बांगलादेशी वस्तीची मशीद आहे. ब्रिक लेनवरून सरळ चालत गेलं तर नवा, चकचकीत पोलादी मनोराच नजरेत भरतो. कोपरा वळून मान वर केली की भिंतीवर उंच सूर्यघड्याळ दिसतं. त्यावर १७४३ हा आकडा आणि दोन लॅटिन शब्द आहेत : 'उम्ब्रा सुमुस', म्हणजे आपण सावली आहोत. सबंध वस्तीचा इतिहास त्या एका भिंतीवर आहे, आणि बस तिथे वळतच नाही.

सिंगापूरचंही तेच. चायनाटाऊनमध्ये साउथ ब्रिज रोडवर १८२७ साली स्थापन झालेलं श्री मारियम्मन मंदिर आहे आणि तमिळ मुसलमानांची जामे मशीद तिथून हाकेच्या अंतरावर. शेजारच्या पॅगोडा स्ट्रीटचं नाव कुठल्या चिनी पॅगोड्यावरून आलेलं नाही, ते याच देवळाच्या गोपुरावरून पडलंय. हे ठाऊक असलं की रस्त्यांच्या पाट्या वाचतच पुढे जावंसं वाटतं.

म्हणून पहिली सूचना : वर बघा. तळमजल्यावरच्या पाट्या भाडेकरूबरोबर बदलतात. बांधकामाचं साल, जुन्या दुकानाची पुसट अक्षरं पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर टिकतात. मग खाली वाचा. गावी पैसे पाठवण्याची दुकानं, व्हिसाची कामं करणारे वकील, फोनकार्डाच्या जाहिराती कुठल्या लिपीत आहेत ते पाहिलं की सध्या कोण नव्याने येतंय ते समजतं. सजवलेला मुख्य रस्ता बहुधा पाहुण्यांसाठीच असतो. दोन गल्ल्या आत शिरलं की शाळा, किराणा, केशकर्तनालय लागतात. राहणाऱ्यांची वर्दळ तिथे असते.

वार बघून जाणं फार महत्त्वाचं. शुक्रवारी दुपारी साधारण साडेबारा ते अडीच मशिदीत पाहुण्यांना सहसा प्रवेश नसतो. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत धार्मिक ज्यूंची दुकानं बंद असतात. रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना चालते, आणि दाक्षिणात्य पद्धतीची देवळं बरेचदा दुपारी मिटलेली असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने सण टाळून साधा दिवस निवडावा. सणाच्या गर्दीत शोभा दिसते, रोजचा व्यवहार दिसत नाही.

अंगावर गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे, गुरुद्वारा किंवा सिनेगॉगसाठी डोक्याला रुमाल, पायात पटकन निघणारे बूट. मोजे मात्र जरूर घालावेत : उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणं कठीण जातं, आणि त्या घाईत दर्शन राहून जातं. किरकोळ खरेदीसाठी सुटे पैसे ठेवावेत, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा.

सगळ्यात जास्त चुका फोटो काढताना होतात. प्रार्थना करणारी माणसं, लहान मुलं, पैसे पाठवायच्या रांगेत उभे असलेले मजूर यांच्यावर न विचारता कॅमेरा रोखू नये. त्यांतल्या काहींच्या कागदपत्रांची कामं अजून अडकलेली असतात. ओळख उघड होण्याची त्यांची भीती खरी असते. 'मूळचे कुठले?' हा आपला नेहमीचा प्रश्नही तिथे बोचतो. समोरच्याचे आजोबासुद्धा त्याच गल्लीत जन्मलेले असू शकतात. आधी काहीतरी विकत घ्यावं, मग 'दुकान किती वर्षं आहे?' असं विचारावं. गप्पा आपोआप सुरू होतात.

राहता राहिला गटाचा प्रश्न. तीस-पस्तीस जण एका अरुंद फुटपाथवर थांबले की रहिवाशांना रस्त्यावर उतरावं लागतं, दुकानाचं दार अडतं. सहल कंपन्यांना कळकळीची विनंती आहे : चार-पाच जणांचे गट करा, प्रत्येकाला नकाशा, परत जमण्याची जागा आणि वेळ द्या, आणि प्रार्थनेच्या वेळा व सार्वजनिक स्वच्छतागृहं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आपल्या पर्यटन पुरवणीतही स्थळाच्या माहितीबरोबर एवढ्या चार ओळींची चौकट छापावी.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक