टगच्या वजनाबद्दल

पलूस, जि. सांगली

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

विमानतळावर टगशेजारी, म्हणजे विमान ढकलणाऱ्या त्या गाडीशेजारी, तू उभी असलेला फोटो बघून आई म्हणाली, "एवढा बुटका गडी विमान ढकलतो होय?"

तिला मी उसाच्या ट्रॅक्टरवरून समजावलं. फडातल्या चिखलात इंजिन कमी पडत नाही, चाक जागच्या जागी फिरतं. म्हणून आपण टायरात पाणी भरतो, पुढं लोखंडी वजनं लावतो. टगचंही तेच. भरलेलं ए३२० विमान ७८ टनांपर्यंत जातं, ७४७-४०० जवळपास ३९७, ए३८० तर ५७५. ते हलवायला चाकाखाली पकड हवी आणि पकड येते वजनातून. त्यासाठीच मोठे टग मुद्दाम ५०-५० टनांचे बनवले.

पुढं टो बार, म्हणजे टग आणि विमान जोडणारा दांडा, नसलेले टग आले. ते विमानाचं पुढचं चाकच पाळण्यात उचलून घेतात, म्हणजे नाकाचा भार आपसूक टगच्या चाकांवर. हे आपल्या दोनचाकी ट्रॉलीसारखं झालं: ऊस जरा पुढं रचला की ट्रॅक्टर जमीन धरतो, मागं रचला की हूक उचलला जातो. आता बॅटरीवरचे टग आलेत. मोटारगाडीला बॅटरीचं ओझं होतं, टगला तेच वजन कामाला येतं. २०१९ मध्ये दिल्लीत एअर इंडियानं टॅक्सीबॉट नावाचा टग लावला, त्यात धावपट्टीकडं जाताना पायलटच टग चालवतो. पण विमान मागं ढकलायला टगचा चालकच लागतो, तेव्हा चालकाचं काम जाईल ही काळजी नको.

तू फोनवर शिअर पिनचं, म्हणजे जास्त ताण आला की मुद्दाम तुटणाऱ्या टो बारच्या पिनेचं बोललीस आणि मला आपला रोटाव्हेटर आठवला. त्याचा शिअर बोल्ट सारखा तुटायचा. पेरणीची घाई होती, वैतागून मी तिथं कडक पोलादी बोल्ट ठोकला. दुसऱ्या दिवशी दगड लागला. बोल्ट शाबूत, गिअरबॉक्सचे दात मात्र गेले. तो बोल्ट अजून शेडमध्ये खिळ्याला टांगलाय. टो बारची पिन विमानाचा पुढचा पाय वाचवण्यासाठी तुटते. तुटली तर तुटू दे, कुणी बोललं तरी मनाला लावून घेऊ नकोस. पण तुटली की विमान मोकळं सुटतं, म्हणून कॉकपिटमध्ये ब्रेकवर बसलेल्या माणसाशी बोलणं क्षणभरही थांबवायचं नाही.

टो बार नसलेल्या टगला ती पिनही नाही. पुढच्या पायापाशी वळणाच्या मर्यादेची खूण असते म्हणालीस, तिच्यावरची नजर काढू नकोस. मुंबईत पाऊस लागलाय. ओल्या काँक्रीटवर सुटताना हळू, थांबताना त्याहून हळू. भरलेली डबल ट्रॉली उतारावर मागून कशी रेटते, ते तू माझ्या शेजारी मडगार्डवर बसून बघितलंयस.

एक विचारायचं राहिलं. तो चाक उचलणारा पाळणा हायड्रॉलिकवर चालतो ना? मग त्याच्या बिजागरीला ग्रीस कुठून देतात? जमलं तर जवळून बघ आणि लिही.

तुझे,
आबा