आधी गाडी बंद पाडायला शीक

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

गाडीत बसण्याआधीच तळवे ओले होतात आणि सिग्नलला गाडी बंद पडली की रडू येतं, असं तू लिहिलंस. ‘थोडा धीर आला की मग रस्त्यावर जाईन,’ असंही लिहिलंस. तुझं हे शेवटचं वाक्य मला पटलं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. धीर आधी येत नाही गं. आधी हात बसतो, त्याच्या मागोमाग धीर येतो. तुला गाडीची भीती वाटत नाहीये, पुढच्या क्षणी ती काय करेल हे ठाऊक नाही, त्याची भीती वाटतेय. म्हणून जे घडू नये असं तुला वाटतं, तेच मोकळ्या जागी मुद्दाम घडवून बघायचं. एकदा नाही, दहा-दहा वेळा.

सुरुवात गाडी बंद पाडण्यापासून कर. सपाट, रिकामं मैदान घे. पहिला गिअर टाक, ॲक्सिलेटरला पाय लावू नकोस आणि क्लचवरचा पाय झटकन काढ. गाडी एक आचका देईल आणि गप्प होईल. एवढंच होतं. काही मोडत नाही, काही जळत नाही. असं का होतं तेही समजून घे, कारण कारण कळलं की निम्मी धास्ती जाते. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेत असतं आणि चाकं थांबलेली असतात. या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट असते. पेडल दाबलेलं असेपर्यंत ती सुटी राहते आणि दोघं वेगळी असतात. पाय एकदम काढलास की फिरतं इंजिन आणि थांबलेली चाकं एका झटक्यात जोडली जातात. टनभर वजन असं एका झटक्यात हलवण्याची ताकद इतक्या हळू फिरणाऱ्या इंजिनात नसते, म्हणून ते मान टाकतं.

आता ती पुन्हा चालू करायची. क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाब, गिअर न्यूट्रलला आण, सेल मार, पहिला गिअर टाक आणि हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवटच सोडून, नीघ. दहा वेळा बंद पाड, दहा वेळा चालू कर. पहिल्यांदा चाचपडशील, दहाव्या वेळेपर्यंत पाच-सहा सेकंदांत होईल. हा क्रम डोक्यात नाही, पायांत उतरला पाहिजे. कारण सिग्नलला मागून हॉर्न वाजला की डोकं काम करत नाही, पायच करतात. बहुतेकांची गाडी दुसऱ्यांदा बंद पडते ती त्या हॉर्नमुळेच. घाई होते, हाफ क्लचची वाट न बघता पाय सुटतो. हॉर्न वाजला तरी तुझी पाच सेकंदं तुझीच आहेत. मागचा माणूस तेवढा थांबेल. दोनदा बंद पडलीच, तर चारही इंडिकेटर लाव, एक श्वास पूर्ण सोड आणि क्रम पहिल्यापासून सुरू कर.

हाफ क्लच ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि शिकवणारे ती फार घाईनं उरकतात. खिडक्या बंद कर, पंखा बंद कर, गाणी तर नकोतच. पहिला गिअर, ब्रेकवर पाय, आणि क्लच तळापासून अगदी हळू वर येऊ दे. पेडलचा सुरुवातीचा भाग रिकामाच जातो, काहीच होत नाही. मग एका जागी इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, सूर खाली उतरतो. फेऱ्यांचा काटा असला तर तो जरासा झुकतो. बॉनेटचं नाक केसभर उचललं जातं आणि सीटमधून एक बारीक थरथर पाठीला जाणवते. ही ती जागा. पाय तिथेच रोख आणि पुन्हा दाबून टाक. गाडी जागची न हलवता हे पंधरा-वीस वेळा कर, मग डोळे मिटूनही जागा सापडेल.

त्यानंतरच गाडी हलवायची, तीही आधी ॲक्सिलेटरशिवाय. सपाट जमिनीवर बहुतेक गाड्या नुसत्या क्लचवर सुटतात, पाय पुरेसा हळू असला तर. जागा सापडली की ब्रेक सोड, मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणेपर्यंत पाय तिथेच स्थिर ठेव, गाडी चालायला लागली की मगच उरलेला क्लच सोड. नवशिक्यांची चूक नेमकी इथे होते. जागा सापडते, गाडी हलते, आनंदाच्या भरात पाय सुटतो आणि आचका बसतो. ॲक्सिलेटर नसताना हे जमलं की ॲक्सिलेटर दिल्यावर सोपंच वाटेल.

दुसऱ्या कुणाची गाडी हातात आली की ही जागा बदललेली असते, कुठे वर, कुठे खाली. म्हणून नवीन गाडीत पहिली दोन मिनिटं ती शोधण्यात घालव. उगाच ‘मला येत होतं ते विसरले’ असं मनाला लावून घेऊ नकोस.

चढावर मागे घरंगळण्याची भीती सगळ्यांनाच असते. तिथे हँडब्रेक हा तुझा तिसरा पाय. गाडी थांबली की हँडब्रेक ओढ. निघताना पहिला गिअर, थोडी रेस, सपाटीपेक्षा जरा जास्त. क्लच हाफवर आण. बॉनेट उचललं गेलं आणि गाडी हँडब्रेकशी झगडायला लागली असं जाणवलं, की हँडब्रेक सोड. गाडी पुढेच जाईल. हँडब्रेक आधी सोडून मग क्लच शोधायला गेलीस तर ती मागेच येणार. आधी अगदी हलक्या चढावर, मागे कुणी नसताना, मुद्दाम तिला हातभर मागे येऊ दे आणि ब्रेकनं थांबव. मागे येणारी गाडी ब्रेक दाबला की थांबते, हे पायाला एकदा कळलं पाहिजे. मात्र चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरायची सवय लावून घेऊ नकोस. प्लेट घसरत राहते, तापते आणि जळका वास येतो. वास आलाच तर सुरक्षित जागी थांबून न्यूट्रलमध्ये काही मिनिटं तिला थंड होऊ दे.

आता ब्रेक. शिकणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ब्रेक आयुष्यात एकदा तरी पूर्ण ताकदीनं दाबलेला असतो. मग खरी वेळ येते तेव्हा पाय अर्ध्यावर अडखळतो. कोरडा, सरळ, मोकळा रस्ता, आरशात मागे कुणी नाही, सीटबेल्ट लावलेला, मागच्या सीटवर सामान नाही. ताशी ३० किलोमीटरला ये आणि ब्रेक असा दाब जणू पेडल मोडायचंय. क्लच लगेच मागोमाग. एबीएस असलेल्या गाडीत पायाखाली पेडल टकटक थरथरतं आणि खर्रर आवाज येतो. बिघाड नाही तो, चाकं जाम होऊ नयेत म्हणून यंत्रणा ब्रेक सोडत-धरत असते. पाय काढायचा नाही, उलट तसाच दाबून ठेवायचा. चाकं जाम न झाल्यामुळे स्टेअरिंगनं गाडी वळवताही येते.

या निमित्तानं थोडा हिशेब. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ८ मीटर तशीच गेली. मग जोरात ब्रेक लागून कोरड्या रस्त्यावर आणखी ५ मीटर. एकूण १३. ताशी ६० ला विचार करण्यातच १६-१७ मीटर जातात, आणि ब्रेक लागल्यावर ५ चे १० होत नाहीत, २० होतात, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं. मिळून ३७ मीटरच्या आसपास. हळू चालवणं हा भित्रेपणा नाही असं मी सांगते ते या आकड्यांवरून. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लाग, तू त्या खांबाशी पोचेपर्यंत निदान दोन सेकंद गेले पाहिजेत. पावसात चार.

आणि हे सगळं बैठकीवर अवलंबून आहे, म्हणून गाडी चालू करण्याआधी दोन मिनिटं सीटला दे. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. तो ताठ होत असेल तर सीट पुढे घे. पाठ टेकलेली असताना हात पुढे पसरलास की मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर यावं. छाती आणि स्टेअरिंग यांत निदान २५ सेंटिमीटर हवेत, एअरबॅगला उघडायला जागा लागते. सीटची उंची वाढव, तुझ्यासारख्या बुटक्या मुलीला त्यानं खूप फरक पडेल. मधल्या आरशात मागची काच पूर्ण दिसावी, बाजूच्या आरशांत आपल्या गाडीची नुसती कड. तरीही दोन्ही बाजूंना एक पट्टा असा राहतो जो कुठल्याच आरशात येत नाही. लेन बदलण्याआधी त्या बाजूला खांद्यावरून एक झटपट नजर टाकायची ती त्यासाठी.

‘गाडी किती रुंद आहे ते कळतच नाही’ असं तू म्हणतेस. कळण्यासाठी रिकामे पुठ्ठ्याचे खोके घे. दोन खोके गाडीपेक्षा दीड-दोन फूट जास्त अंतरावर ठेवून मधून काढ. लागलं तर खोका पडेल, बाकी काही नाही. मग जमिनीवर एक आडवी रेघ आख आणि ती बॉनेटखाली नुकतीच दिसेनाशी झाली की थांब. खाली उतर आणि बघ, रेघ अजून किती पुढे आहे ते. तुला वाटतं त्यापेक्षा बरीच पुढे असेल. हे अंतर स्वतः पावलांनी मोज. मागच्या बाजूलाही असंच.

गाडी रेषेत राहत नसेल तर दोष बहुधा हातांचा नसतो, नजरेचा असतो. घाबरलेला माणूस बॉनेटच्या अगदी पुढची जमीन बघतो आणि स्टेअरिंग सारखं इकडे-तिकडे करत राहतो. नजर लांब टाक, रस्ता जिथे वळतो तिथवर. नजर जाते तिकडेच हात गाडी नेतात, म्हणून कडेला उभ्या ट्रककडे टक लावून बघू नकोस, त्याच्या बाजूची मोकळी वाट बघ. हात घड्याळातल्या ९ आणि ३ वर, पकड पोळपाटावर लाटणं धरावं इतकीच. मूठ आवळली की खांदे वर जातात, कोपर ताठ होतात आणि प्रत्येक वळण धक्क्यानं घेतलं जातं. दर सिग्नलला खांदे मुद्दाम खाली सोड, चार मोजत श्वास घे, सहा मोजत सोड. आणि जे दिसतं ते पुटपुटत चालव: ‘पुढे सायकल, उजवीकडून रिक्षा, सिग्नल हिरवाच आहे पण बराच वेळचा.’ बोललं की नजर एका जागी खिळत नाही.

सराव रोज अर्धा-पाऊण तास पुरे. सुटीच्या दिवशी तीन तास घासण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. थकलेल्या पायाला हाफ क्लच सापडत नाही, आणि मग तू ते स्वतःच्या नावावर लिहितेस. आधी मैदान, मग पहाटेचा ओळखीचा एकच रस्ता, तोच चार-पाच दिवस. मग तोच रस्ता गर्दीच्या वेळी. नवा रस्ता आणि नवी गर्दी एकाच दिवशी घेऊ नकोस. रात्र आणि पाऊस शेवटी. ऑटोमॅटिकवर शिकायचं असेल तर तेही चालेल, कमीपणा काही नाही त्यात. फक्त डावा पाय पूर्ण विसरायचा आणि ब्रेक सोडला की गाडी आपोआप सरकते, हे लक्षात ठेवायचं.

बाजूला मी बसेन, आणि माझ्यावरही नियम हवेत. मी ‘अगं अगं’ करणार नाही, त्यातून काय करायचं ते कुणालाच कळत नाही. ‘पुढच्या चौकात, डावीकडे’ असं आधी ठिकाण आणि मग कृती सांगेन, निदान अर्धा मिनिट आधी. ‘थांब’ म्हटलं तर फक्त ब्रेक, प्रश्न नंतर. चुकीच्या वळणावर गेलीस तर जाऊ दे, पुढून फिरून येऊ. चुकांबद्दल गाडी बाजूला लावल्यावरच बोलायचं, तेही एका वेळी एकच.

शनिवारी येताना पातळ तळाचे, पायात घट्ट बसणारे बूट घालून ये. चपला पेडलखाली अडकतात, आणि जाड तळव्यातून हाफ क्लचची ती थरथर पायाला कळत नाही. शिकाऊ परवाना विसरू नकोस. खोके मी जमवून ठेवते.

तुझी,
आई