दूध वाढले, तोटा कोणाच्या गोठ्यात?

मा. संपादक,
स.न.

दुधावरची सरकारी बंधने उठली की बाजार आपोआप ताळ्यावर येतो, असे मत आपल्या अंकात वाचले. दाखला युरोपचा होता, पण अर्धाच सांगितला होता.

तिथे १९८४ पासून प्रत्येक देशाला दुधाचा कोटा होता. जास्त घातले की दंड. लोणी आणि दुधाच्या पावडरीने गोदामे तुंबली म्हणून ती पाळी आली होती. ३१ मार्च २०१५ ला कोटा संपला. आयर्लंडने तर २०२० पर्यंत ५० टक्के दूध वाढवायचे आधीच ठरवून टाकले होते. पण नेमके त्याच सुमारास चीनची पावडरखरेदी मंदावली, आणि रशियाने २०१४ च्या ऑगस्टपासूनच युरोपच्या लोणी-चीजला बंदी केली होती. किलोला ४० सेंटच्या (शंभर सेंटचा एक युरो) आसपास असलेला दुधाचा दर २०१६ च्या उन्हाळ्यात २६ सेंटच्या खाली आला.

दर पडला म्हणून दूध कमी होत नाही, हे ज्याच्या दारात गाय आहे त्याला सांगावे लागत नाही. बटण दाबून बंद करायला ती काही विहिरीवरची मोटार नव्हे. बँकेचा हप्ता, पेंड, मुरघास यांतले काहीच थांबत नाही. मग लिटरमागे कमी मिळते म्हणून माणूस आणखी एक गाय बांधतो. तिकडेही तेच झाले. नेदरलँड्समध्ये गाई इतक्या वाढल्या की शेणातल्या फॉस्फेटची मर्यादा ओलांडली आणि २०१८ पासून फॉस्फेटचे हक्क, म्हणजे कोणाच्या गोठ्यातून किती फॉस्फेट निघू द्यायचे याची मर्यादा, वाटून द्यावे लागले. दुधाचा कोटा गेला आणि शेणाचा आला!

युरोपीय संघाने पावडर विकत घेऊन साडेतीन लाख टनांच्या आसपास साठवली. हा माल कधीतरी बाहेर येणारच, हे व्यापाऱ्यांना ठाऊक, त्यामुळे पावडरीचा भाव पुढेही दबलेलाच राहिला. जानेवारी २०१७ मध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांनी ब्रसेल्समध्ये सरकारी इमारतीवर पावडरच फवारली. त्याआधी, २०१६ मध्ये, एक वेगळी योजना आली होती: कमी घातलेल्या दर किलो दुधामागे उत्पादकाला १४ सेंट. तिच्यामुळे दर कितपत सावरले यावर वाद आहे, पण पैसा कुठल्या कारखान्याच्या नव्हे, गोठेवाल्याच्या हातात पडला.

आपल्याकडे २०१८ मध्ये पावडरीचा भाव पडला तसा गाईच्या दुधाचाही पडला. जुलैच्या दूध आंदोलनानंतर लिटरला २५ रुपये जाहीर झाले, त्यातले ५ रुपये अनुदान दूध संघ आणि खासगी डेअऱ्यांमार्फत. आमच्या संकलन केंद्रावर तेव्हा दुधाच्या दहा दिवसांच्या पगारात (बिलात) ते ५ रुपये शोधावे लागत; फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन घटक) कमी भरले म्हणून होणाऱ्या कपातीत कुठे विरघळत, देव जाणे. २०२४ मध्ये ५ रुपये थेट खात्यावर द्यायचे ठरले, त्यासाठी जनावराच्या कानात ओळखीचा बिल्ला हवा.

माझ्या सहा गाईंपैकी एकीचा बिल्ला गव्हाणीच्या तारेत अडकून निघाला आणि तिचे दूध ऑनलाइन नोंदीतून गायब झाले. दोन हेलपाटे झाले, वैतागलोही. तरी मला हीच पद्धत बरी वाटते. बिल्ला परत मारता येतो.

– एक दूध उत्पादक, संगमनेर